कंस उघडला, दार कोण लावणार?

गोव्यातल्या शाळांमध्ये संगणक शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

खुलं पत्र म्हटलं की ते पणजीच्या दिशेनं, म्हणजे खात्याला नाहीतर मंत्र्यांना लिहायची रीत आहे. हे तुम्हाला लिहितोय, कारण मला जे हवंय ते पणजीत मिळत नाही. मला वाक्यं हवी आहेत. लॅबमध्ये एखाद्या पोराच्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघताना तुमच्या तोंडून जी वाक्यं निघतात ती, जशीच्या तशी.

कशासाठी ते सांगतो.

गेल्या काजूच्या मोसमात सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेच्या लॅबमध्ये मागे स्टूल टाकून बसलो होतो. पुढच्या संगणकावर सातवीतली एक मुलगी. घरची काजूची बाग. बिया विकून किती पैसे येणार हा हिशेब तिला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करायचा होता. तिनं लिहिलं, किलो = १२. देवनागरीतच, कारण त्या दिवशी कीबोर्ड मराठीवर होता आणि तो बदलायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एंटर मारला. लाल अक्षरांत ओळ उमटली: सिंटॅक्स एरर, इनव्हॅलिड कॅरेक्टर, आणि शेवटी कंसात यू अधिक ०९६७. तिनं वही उघडली आणि ०९६७ हा आकडा काळजीपूर्वक उतरून घेतला. मग हात वर केला. "सर, उत्तर आयलें."

०९६७ हा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतला, देवनागरी '१' चा क्रमांक आहे. 'किलो' या नावाला पायथनची हरकत नव्हती, नावं देवनागरीत चालतात. आकडा मात्र थेट प्रोग्रॅममध्ये लिहायचा तर ० ते ९ इंग्रजीच लागतात. त्यातही गंमत अशी, की तेच १२ अवतरणचिन्हांत घालून 'याचा पूर्णांक कर' म्हटलं तर पायथन मुकाट्यानं बारा काढून देतो. म्हणजे त्याला आपले आकडे कळतात, फक्त समोरच्या दारानं आलेले चालत नाहीत. हे सातवीतल्या मुलीला कसं समजावायचं याचा मी विचार करत होतो, तोवर तिच्या बाई येऊन "आंकडे इंग्लिशींत बरय" म्हणून पुढे गेल्यासुद्धा.

आणि मग पलीकडच्या रांगेत एका मुलाचा कंस राहिला. बाईंनी जागेवरूनच ओरडून सांगितलं, "दार उक्तें दवरलां, माजर नुस्तें व्हरतलें!" म्हणजे दार उघडं ठेवलंय, मांजर मासे नेईल. पोरगा हसला, वाकला, ओळीच्या शेवटी कंस बंद केला आणि प्रोग्रॅम चालला. चार सेकंदांत.

तुमच्यातल्या पायथनवाल्यांना माहीत असेल, ३.९ आवृत्तीत पायथन बनवणाऱ्यांनी सगळा पार्सर, म्हणजे लिहिलेल्याची फोड करून बघणारा भाग, नवा लिहिला आणि त्याच्या जोरावर २०२१ च्या ३.१० मध्ये चुकांचे संदेश सुधारले. आधी कंस राहिला की पुढच्याच ओळीवर 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' अशी बोंब असायची. आता तो 'हा कंस कधीच बंद झाला नाही' एवढं नीट, जागेवर बोट ठेवून सांगतो. पण इंग्रजीत. पायथनच्या संदेशांची भाषा बदलायची सोयच त्यात नाही. जगभरातली हुशार माणसं ज्या वाक्यावर एवढी खपली, त्याची याहून सरस आवृत्ती सत्तरीतल्या बाई रोज वर्गात फुकट बोलतात आणि ती फळ्यावरच्या खडूइतकीही टिकत नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही तिघं मिळून गेली दोन वर्षं एक एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची जागा, बांधतोय. मी दिवसा पर्वरीला नोकरी करतो. दुसरी फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकते. तिसऱ्या आहेत एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ज्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो निवृत्तीनंतर. एडिटरला अजून नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवणारे मात्र भरपूर भेटले. "पुढे नोकऱ्या इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, मग पोरांना हे मराठीचं खूळ कशाला?" हे तर तुमच्यापैकीच कितीतरी जणांनी तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबचं आहे, धीर धरा.

एडिटर ज्या भाषेसाठी आहे ती लहानशी शिकवणीची भाषा आम्हीच केली. काजूचा हिशेब तिच्यात असा होतो:

किलो = १२
दर = ११०
एकूण = किलो * दर
जर एकूण > १००० तर
    "बरा भाव" दाखव
नाहीतर
    "थांबूया" दाखव

बघा, ओळीच्या शेवटी दोन टिंबं नाहीत. ती काढायचं ठरवलं नव्हतं, ती आपोआप गळली. पायथनला अट कुठे संपली हे कळायला कोलन लागतो. मराठीत 'जर' आला की 'तर' येणारच, 'जोवर' आला की 'तोवर' येणारच. अटीची सुरुवात आणि शेवट सांगणारे शब्द आपल्या व्याकरणात आधीपासून जोडीनं उभे आहेत. हे शिक्षिकाबाईंच्या लक्षात आलं. आम्ही दोघं महिनाभर कोलनसाठी अपूर्णविराम हा शब्द वापरावा की नाही यावर वाद घालत होतो.

'दाखव' शेवटी येतो, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. व्हेरिएबलला परिभाषेत 'चल' म्हणतात म्हणून आम्हीही आधी तेच घेतलं. एका मुलानं विचारलं, "चल म्हणजे खंय?" (कुठे?) तेव्हापासून त्याला 'डबा' म्हणतो. डब्यात वस्तू ठेवायची, डब्यावर नाव लिहायचं. पंडित मंडळी नाराज होतील, होऊ देत.

आता खरं सांगतो. ही भाषा करण्यात माझी हौसच जास्त होती. मला वाटायचं, 'इफ' आणि 'व्हाइल' हे इंग्रजी शब्दच मुलांना आडवे येतात. पायथनचे राखीव शब्द सगळे मिळून ३५, त्यातले शाळेत लागतात दहा-बारा. ते मुलं दोन दिवसांत पाठ करतात, क्रिकेटमधले शब्द करतात तसे. मूल अडकतं ते यंत्र उलट बोलतं तेव्हा. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोकणीत शिकलेलं मूल पाचवीत एकदम इंग्रजीत येऊन पडतं, आणि पुढच्याच वर्षी केअर्स या सरकारी योजनेतून त्याच्यापुढे कोडिंग येतं. स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडताना चूक करायला फारशी जागाच नसते, तिथे ते रमतं. ज्या दिवशी अक्षरं टाइप करायची वेळ येते त्या दिवशी पहिली लाल ओळ येते. ती वाचता आली नाही की मूल शेजारच्याचं बघून लिहायला लागतं. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

म्हणून नोकरीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एडिटरच्या उजव्या चौकटीत तोच प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहून दिसतो, ओळीला ओळ. डावीकडे 'जर' वर बोट ठेवलं की उजवीकडे 'इफ' उजळतो. मुलांनी आमच्या भाषेत राहावं अशी इच्छाच नाही. आठवीत त्यांनी डावी चौकट बंद केली तर मी पेढे वाटीन.

आता थोडं यंत्राच्या पोटात जातो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळावेत, पण तुम्ही संगणकाचे शिक्षक आहात, गाळणार नाही अशी आशा.

एडिटर ब्राउझरमध्ये चालतो, इंटरनेट नसतानाही, आणि सगळा पेनड्राइव्हवर मावतो. ४ जीबीच्या जुन्या संगणकावर दुसरं काही चाललं नसतं. लिहायची जागा कोडमिरर या मुक्त एडिटरची आहे. वाक्यपृथक्करण 'लेझर' नावाचं साधन करतं. शाळेतलं वाक्यपृथक्करण आठवतं ना, कर्ता-कर्म-क्रियापदाखाली रेघा? तेच, फक्त इथे वाक्य अर्धवट असताना करायचं. टाइप करताना प्रोग्रॅम जवळजवळ सतत चुकलेलाच असतो. प्रत्येक कळ दाबल्यावर पुसून पहिल्यापासून रेघा ओढायच्या तर संगणक धापा टाकेल. म्हणून जेवढं बदललं तेवढंच परत तपासायचं, आणि जे समजत नाही त्याला 'इथे काहीतरी चुकलंय' अशी खूण करून पुढे जायचं, ही लेझरची करामत. ही कल्पना ट्री-सिटर या तशाच आधीच्या साधनातून आली. ट्री-सिटर ॲटम नावाच्या एडिटरसाठी लिहिला गेला. ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद पडला, ट्री-सिटर उरला आणि आज कितीतरी एडिटरांत नांदतोय.

हे सगळं आयतं मिळालं, मग दोन वर्षं कशाला? देवनागरीला. पहिल्याच आठवड्यात 'किंमत' या शब्दाचे दोन तुकडे झाले, 'क' आणि 'मत'. नाव कशाला म्हणायचं याचा नेहमीचा नियम 'अक्षरं आणि अंक' असा असतो, आणि युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी आणि अनुस्वार ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. ती नियमात वेगळी घालावी लागतात. मग आला 'क्षेत्र'. डोळ्याला दोन अक्षरं. युनिकोडला सात, क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. साठवताना २१ बाइट. पायथन आपल्या पृथक्करणात जागा बाइटमध्ये मोजतो, पडद्यावरचा एडिटर वेगळ्या मापानं. सुरुवातीला चूक कुठे झाली ते आम्ही पायथनकडूनच विचारून घेत होतो, तेव्हा 'क्षेत्र' च्या लगेच पुढे झालेल्या चुकीची लाल रेघ चौदा घरं पलीकडे, रिकाम्या जागेत उमटायची. मुलगा तिथे जाऊन स्पेस खोडत बसायचा. बॅकस्पेस दाबला तर आमच्या पहिल्या आवृत्तीत अख्खं 'क्षे' जायचं. मुलांना फक्त मात्रा खोडायची असते. बाण दाबून पुढे जाताना मात्र 'क्ष' च्या पोटात थांबणं नको असतं. खोडताना एक माप, चालताना दुसरं. जोडाक्षर हे एकच अक्षर धरून चालावं हा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत आला २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत. देवनागरी तिथे १९९१ पासून आहे.

यावर चिडून उपयोग नाही, गोव्यात तर नाहीच. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात उतरला. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूरला एक मोठं मराठी पुराण छापलं गेलं, आणि ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आपली भाषा दुसऱ्याच्या साच्यात बसवायची सवय आपल्याला चारशे वर्षांची आहे.

आता संदेशांकडे येतो. खरा घोळ मी तिथे घातला.

पहिले चाळीसेक संदेश मी लिहिले. 'अनपेक्षित चिन्ह आढळले.' 'वाक्यरचना दोष.' 'अपरिभाषित नाम.' मला वाटलं, किती शुद्ध! डिचोलीजवळच्या एका शाळेत पहिल्यांदा लावून बघितलं. एका मुलाच्या पडद्यावर 'वाक्यरचना दोष' आलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि पडद्याचं बटण दाबून पडदाच बंद केला. 'दोष' म्हणजे आपण काहीतरी मोडलं असं त्याला वाटलं होतं. इंग्रजी संदेश निदान कळत नव्हता. माझा कळला आणि घाबरवून गेला.

त्या संध्याकाळी शिक्षिकाबाईंनी वही पुढे ओढली आणि माझे संदेश तपासले, लाल पेननं, समासात शेरे लिहून. त्यांचा पहिला शेरा: 'घोडाला नव्हे, घोड्याला.' मी साचा केला होता, डब्याचं नाव घ्यायचं आणि पुढे 'ला' चिकटवायचा. इंग्रजीत नाव कुठेही ठेवा, तसंच राहतं. मराठीत प्रत्यय लागला की सामान्यरूप होतं, आणि मुलानं डब्याला काय नाव दिलंय हे आधी कसं कळणार? 'आंबा' चं 'आंब्याला', 'बांगडा' चं 'बांगड्याला', 'पोळी' चं 'पोळीला'. यंत्राला सामान्यरूप शिकवायला बसलो असतो तर अजून तिथेच असतो. बाईंनी एका ओळीत मार्ग काढला: ''घोडा' या डब्याला'. प्रत्यय डब्याला लागतो, नावाला धक्का लागत नाही.

दुसरा शेरा होता 'विसरलास' वर. "आणि मुलगी असली तर?" त्यांनी विचारलं. 'विसरलीस' असं दुसरं वाक्य ठेवायचं तर आधी मूल मुलगा की मुलगी हे विचारावं लागणार, आणि ते मला मुळीच नको होतं. त्यांनी क्रियापदच फिरवलं. 'तू कंस बंद केला नाहीस.' इथे क्रियापदाचं लिंग कंसाप्रमाणे चालतं, मुलाप्रमाणे नाही. मुलगा असो, मुलगी असो, कंस पुल्लिंगीच. मी बावीस वर्षं कोड लिहितोय, प्रयोगाचा धडा असा कामाला येईल असं दहावीच्या पेपरानंतर पहिल्यांदा वाटलं.

'तू' की 'तुम्ही' यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. पुण्याच्या एका मित्रानं 'तुम्ही' च हवं म्हणून आग्रह धरला. पण आपल्याकडे घरात कोकणी, आणि कोकणीत मूल आजोबांनाही 'तूं' म्हणतं. यंत्रानं 'तुम्ही' म्हटलं की ते मुलाला मामलेदार कचेरीतल्या नोटिशीसारखं लागतं. 'तू' ठेवलं.

मग बाकीचं काम सोपं असेल असं वाटलं. नव्हतं. व्याकरण शुद्ध झालं, धाक गेला, तरी संदेश मुकाच राहिला. 'तू कंस बंद केला नाहीस' हे वाक्य बरोबर आहे, पण त्यानं कुणी हसत नाही आणि कुणाचा हात आपोआप कळीकडे जात नाही. सत्तरीतल्या बाईंचं दार आणि मांजर आम्ही तसंच्या तसं घातलं, फक्त मराठीत आणून: 'हा कंस उघडा राहिला. दार लाव, मांजर मासे नेईल.' पुढच्या लॅबमध्ये तो संदेश आला की मुलं एकमेकांना 'माजर आयलें' म्हणून सांगू लागली. एकजण मुद्दाम कंस उघडा ठेवून मांजर बोलावत होता, ते सोडून देऊ.

आज आमच्या यादीत ६३ प्रकारच्या चुका आहेत. त्यातल्या अकरा वाक्यांत जीव आहे. ती सगळी कुणा ना कुणा शिक्षकाची आहेत. 'ओळ आत सरकव, ती 'तर' च्या ओसरीत बसायला हवी' हे पेडण्याकडच्या एका सरांचं. 'या डब्यात अजून काहीच ठेवलं नाहीस, झाकण उघडून काय मिळणार?' हे फोंड्याच्या एका बाईंचं. उरलेली बावन्न माझी आहेत, आणि ती वाचली की मला माझ्याच कचेरीतली परिपत्रकं आठवतात.

ती बावन्न बदलायची आहेत, आणि ती मी घरी बसून बदलू शकत नाही.

केरळचं उदाहरण देतो. तिथल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. आयटी ॲट स्कूल या नावानं सुरू झालेल्या कामाची २०१७ मध्ये काइट ही सरकारी कंपनी झाली. शाळांसाठी त्यांची स्वतःची लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मुक्त प्रणाली, आहे. मलयाळम अक्षरांचं काम 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या गटाच्या स्वयंसेवकांनी २००२ पासून उचललं. कुणी म्हणेल, तिथे सरकार मागे उभं राहिलं. राहिलंच. पण तिथे शिक्षकांना शिकवणारे शिक्षकच होते, विक्रेत्याचा माणूस नव्हता. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातला थॉनी हा एडिटर तुमच्यापैकी काहींनी वापरला असेल. पायथन शिकणाऱ्या नवख्यासाठीच केलेला. बेरीज करताना आधी कुठला भाग सुटतो हे तो टप्प्याटप्प्यानं उलगडून दाखवतो. ते बघितलं की कळतं, हे लिहिणाऱ्यानं वर्गात उभं राहून पोरांची तोंडं पाहिली आहेत. आमचे डबे पडद्यावर भरताना दिसतात ही कल्पना तिथूनच उचलली, आणि उचलली असं एडिटरमध्ये लिहून ठेवलंय.

मराठी-कोकणीचा विषय काढल्याशिवाय गोव्यात पत्र पुरं होत नाही, तेव्हा तोही. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण जे भांडत आलोय ते या एडिटरमध्ये आणू नका, एवढीच विनंती. अक्षरांचं जे काम झालं ते देवनागरीचं आहे, ते दोन्ही भाषांना लागू आहे. संदेशांची फाइल वेगळी आहे. कुणी कोकणीची भरली तर ती बाजूला लावायला अर्धा तास लागेल. खरं तर तुमच्यापैकी बरेचजण वर्गात बोलता ती कोकणीच, मराठीत मी ती पातळ करतोय.

परवान्याबद्दल दोन शब्द, कारण विचारणा झाली आहे. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लावला आहे. कुणीही वापरा, बदला, विकासुद्धा, पण विकताना मूळ कोड आणि तुमचे बदल बरोबर द्यावे लागतील. शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. आपलं बोधचिन्ह लावून, कुलूप घालून, दर विद्यार्थ्यामागे पैसे घ्यायची त्याची तयारी होती. तुमची वाक्यं कुलपात जाऊ नयेत म्हणून जीपीएल. त्यानं चहा घेतला आणि गेला.

तर मागणं असं. लॅबचा तास संपला की पाच मिनिटं बसा आणि त्या तासाला मुलाला तुम्ही तोंडी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून काढा. शुद्धलेखन बघू नका, कोकणी-मराठी-इंग्रजी वेगळं करू नका, ओरडलात तर ओरडलात असं लिहा. सोबत मुलानं काय टाइप केलं होतं ते. फोनवर फोटो काढला तरी चालेल, फक्त मुलाचा चेहरा आणि नाव त्यात नको. 'एडिटर चांगला आहे, उपक्रम स्तुत्य आहे' असं कळवलंत तर बरं वाटेल, पण त्याचं मला काही करता येत नाही. 'सहावीच्या मुलीनं अमुक लिहिलं, यंत्र असं म्हणालं, तिनं तोंड वाकडं केलं, मी असं म्हटलं' एवढं कळवलंत तर त्याच रात्री बदल होतो. उद्घाटनाला बोलावू नका. शाल-श्रीफळ नको. एखाद्या शनिवारी मागच्या स्टुलावर बसू द्या.

ज्यांना लिहायला वेळ नाही त्यांच्यासाठी एक छोटं काम आहे, आणि त्याची मला खरंच घाई आहे. 'दुसऱ्या' हा शब्द. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी उमटतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त देतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. पायथन तर नावात ते अदृश्य चिन्ह दिसताच प्रोग्रॅमच नाकारतो. आमच्याकडे एका मुलानं शाळेत 'दुसऱ्याचे_गुण' नावाचा डबा केला, घरी काकाच्या लॅपटॉपवर पुढचा भाग लिहिला, आणि एडिटर त्याला म्हणाला, असा डबाच नाही. समोर तर दिसतोय! त्यानं तो शब्द सहा वेळा परत लिहिला. आम्ही आता दोन्ही रूपं आतल्या आत एक करतो, पण 'ॲ' ची अशीच तीन रूपं निघाली, आणि अजून किती आहेत ते तुमच्या लॅबमधल्या कीबोर्डांवरच कळेल.

तेव्हा सोमवारी लॅब उघडलीत की कुठल्याही एका संगणकावर एवढंच करा. 'दुसऱ्या', 'ॲप' आणि 'क्षेत्र' हे तीन शब्द टाइप करा, प्रत्येकाच्या शेवटी बॅकस्पेस एकदाच दाबा, आणि पडद्यावर काय उरलं त्याचा फोटो काढून ठेवा. कीबोर्ड कुठला होता ते खाली लिहा.

आपला,
फोंड्याहून, कोड लिहिणारा एक